मादी अंड्यांवर येते, पण पिल्लं दिसत नाहीत: चेरी श्रिंपच्या टाकीत काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

"दादा, मादी अंड्यांवर आहे. मागच्या महिन्यातही होती. पण टाकीत पिल्लू एकसुद्धा नाही."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. माझं सांगलीत माधवनगर रोडला मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत दोन-दोन फुटांच्या तीन टाक्या. त्यांत चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातले शोभेचे छोटे झिंगे: एकीत लाल, एकीत पिवळे, एकीत निळे. तिन्ही रंग एकाच जातीचे, निओकॅरिडिना. एकत्र ठेवले तर दोन-तीन पिढ्यांत सगळे मातकट होतात, म्हणून टाक्या वेगळ्या.

रिवायंडिंगमध्ये एक शिस्त असते. मोटार बंद पडली की आधी प्लग, मग फ्यूज, मग कपॅसिटर. वाइंडिंग उकलायचं ते सगळ्यात शेवटी. श्रिंपवाले नेमकं उलटं करतात. पिल्लं दिसेनात की अर्धी टाकी उपसतात, खनिजांची पावडर आणतात, खालची माती बदलतात, आणि या धांदलीत चांगले मोठे श्रिंपही घालवून बसतात. म्हणून खाली सगळं फुकटातल्या तपासणीपासून सुरू केलंय.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ठरवा:

- अंडी पोटाखाली होती. आठ-दहा दिवसांतच मादी रिकामी दिसली, पिल्लं नाहीत.
- पिल्लं फुटली, काचेवर दिसली, आणि आठवडाभरात कमी कमी होत संपली. मेलेलं एकही सापडलं नाही.
- पिल्लं पाऊण-एक सेंटिमीटरची झाली आणि मग एकेक मरू लागली. मेलेल्याच्या मानेमागे पांढरी गोल रेघ, किंवा कात अर्धी निघून अडकलेली.
- लहानमोठे सगळेच एका दिवसात वेड्यासारखे पळायला लागले, गोल फिरले, उताणे पडले.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं सोडा आणि थेट विषाच्या भागाकडे जा. तिथे वेळ नसतो.

बाकीच्यांनी एक करायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात करायची: मादी अंड्यांवर कधी आली, पिल्लं कधी दिसली, कधी दिसेनाशी झाली, पाणी कधी बदललं. चेरी मादी साधारण वीस-तीस अंडी पोटाखालच्या पायांत धरून तीन ते चार आठवडे वारा घालत राहते. पिल्लू फुटतं तेव्हा जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं, पण रूप मोठ्यांसारखंच. मधली अळीची अवस्था नाही, वेगळं खारं पाणी लागत नाही, बाळंतपणाची वेगळी टाकी लागत नाही. पिल्लं टिकत नसतील तर टाकीतच काहीतरी आडवं येतंय, आणि काय ते बहुतेक वेळा तारखेवरून कळतं. फुटायच्या आधी गेली तर उष्णता, पाण्यातला झटका किंवा अननुभवी मादी. पहिल्या आठवड्यात गेली तर फिल्टर, भूक किंवा कुणीतरी खाणारं. महिन्याभराने गेली तर पाण्यातली खनिजं.

पहिल्यांदाच अंड्यांवर आलेली तरुण मादी कधी कधी अंडी टाकून देते. एकदा झालं तर सोडून द्या. तीच मादी तिसऱ्यांदाही टाकत असेल तर पुढे वाचा.

१. पिल्लं खरंच नाहीत का?

खर्च शून्य. रात्री खोलीतला दिवा बंद केल्यावर तासाभराने बॅटरी घेऊन बसा. उजेड वरून नको, बाजूने मारा. मॉसच्या (पाण्यातल्या शेवाळासारख्या वनस्पतीच्या) गुंत्यात, स्पंज फिल्टरच्या अंगावर, पानांच्या खालच्या बाजूला बघा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस पिल्लं पारदर्शक असतात आणि जागेवरून फारशी हलत नाहीत. विश्रामबागेतल्या एका वहिनींनी पिल्लं नाहीतच असं धरून टाकी मोडायला काढली. मॉस पांढऱ्या टबात झटकला आणि टबात तीसेक ठिपके उड्या मारायला लागले. त्यानंतर त्यांनी मला दुकानात बोलवून चहा पाजला, आणि टाकी अजून चालू आहे.

याच वेळी एक शंका मिटवून घ्या: तुमच्याकडे चेरीच आहेत ना? अमानो नावाचा मोठा, पारदर्शक, अंगावर ठिपक्यांच्या रेघा असलेला श्रिंप अंड्यांवर येतो, पण त्याच्या अळ्यांना खारट पाणी लागतं. गोड्या पाण्याच्या टाकीत त्या जगत नाहीत, कितीही जपलं तरी. आणि कृष्णा-वारणेतून जाळीने धरून आणलेले लांब नांग्यांचे झिंगे चेरीसोबत सोडले असतील तर पिल्लं कुठं गेली हे मला विचारू नका.

२. फिल्टर उघडा

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार हाच निघाला. पाण्यात बुडणारा मोटारवाला फिल्टर किंवा मागे टांगायचा फिल्टर, दोघांच्याही तोंडाला फटी असतात. दोन मिलिमीटरचं पिल्लू तिथून सहज आत जातं. मेलेलं काहीच का दिसत नाही, याचं उत्तर तिथेच मिळतं.

फिल्टर बंद करा, टाकीचंच पाणी घेतलेल्या पांढऱ्या भांड्यात उघडा आणि आतला स्पंज हळूच पिळा. बरेचदा आत जिवंत पिल्लं मिळतात, काही तर चांगली धष्टपुष्ट झालेली असतात, कारण सगळा गाळ तिथेच जमतो. त्यांना परत सोडा.

उपाय स्वस्त आहे. फिल्टरच्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज बसवा, किंवा जुन्या पायमोज्याचा पातळ तुकडा रबराने बांधा. पायमोजा आठवड्याने तुंबतो, लक्ष ठेवा. खरं म्हणजे श्रिंपच्या टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टरच हवा. त्यात पिल्लं ओढली जात नाहीत, उलट त्याच्या अंगावर चरतात. तो नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा.

३. शेजारी कोण?

"गप्पी तर केवढेसे, ते काय खाणार?" खातात. नियॉन खातात, बार्ब तर शोधून खातात. मोठ्या श्रिंपला हात लावत नाहीत म्हणून मालकाला वाटतं की दोस्ती आहे. तोंडात मावेल ते मासा गिळतो. पिल्लं हवी असतील तर टाकीत फक्त श्रिंप आणि गोगलगायी. हे काहींना पटत नाही. मग त्यांनी मॉसचं जंगल करावं आणि थोडीच पिल्लं मोठी होतील हे मान्य करावं.

४. भूक

पोटाला कमी पडतं हे कुणालाच सुचत नाही, कारण मोठे श्रिंप गोळीवर तुटून पडताना दिसतात. पिल्लं गोळीपर्यंत जात नाहीत. ती जिथे बसलीत तिथेच, आवाक्यातलं जे आहे ते खरवडतात. म्हणजे काचेवर, लाकडावर, पानांवर जमणारा तो बुळबुळीत थर. टाकी नवी असेल, किंवा तुम्ही दर रविवारी चारही काचा लखलखीत घासत असाल, तर पिल्लांच्या पानात काही उरत नाही.

टाकी मांडल्यापासून दोन महिने तरी गेल्याशिवाय पिल्लांची आशा धरू नका. समोरची काच घासा, मागची आणि बाजूची तशीच राहू द्या. जावा मॉस भरपूर. आणि आपल्याकडे फुकट मिळणारी एक गोष्ट: देशी बदामाची झाडावरूनच वाळून पडलेली तपकिरी पानं. शाळेच्या आवारात, कॉलनीच्या कोपऱ्यात हे झाड असतंच. रस्त्याकडेची धूळ-डिझेल खाल्लेली पानं नकोत. पान धुवा, उकळत्या पाण्यातून काढा, थंड करून टाका. दोन फुटी टाकीला एक पान पुरतं. चार-पाच दिवसांत त्यावर थर धरतो आणि मग पिल्लं त्याच्यावर मुक्कामाला असतात. जोडीला स्पिरुलिना या शेवाळाची चिमटीत येईल त्याहून कमी पूड, आठवड्यातून दोनदा, पाण्यात कालवून. जास्त टाकलीत तर पाणी नासेल, आणि पुढच्या मुद्द्यातले पाहुणे येतील.

५. न बोलावलेले पाहुणे

रात्रीच्या बॅटरीत हेही दिसतात. काचेवरून गोगलगायीसारखा सरकणारा, बाणासारख्या तिकोनी डोक्याचा पांढरट किडा म्हणजे प्लॅनेरिया. एका जागी चिकटून वर चार-सहा दोरे पसरलेला हायड्रा. दोन्ही पिल्लांना धरतात. पण पाण्यात वळवळणारे केसासारखे किडे, उड्या मारणारे पांढरे ठिपके हे निरुपद्रवी. त्यांना घाबरून औषध ओतू नका. ते फक्त सांगतायत की खाणं जास्त होतंय.

खरा दरोडेखोर वेगळाच: चतुराची किंवा टाचणीची अळी. गच्चीवरच्या कुंडातून, तळ्यातून आणलेल्या वनस्पतींबरोबर अंडी येतात. एक अळी महिनाभरात टाकी साफ करते, आणि तिला मॉसमध्ये शोधणं हे चिकाटीचं काम आहे. चिमट्याने काढायची, दुसरा उपाय नाही.

प्लॅनेरिया थोडे असतील तर खाणं निम्म्यावर आणा आणि रात्री छोट्या बाटलीत मांसाचा तुकडा ठेवून सापळा लावा. खूप असतील तर औषध लागतं. गुरा-कुत्र्यांच्या जंतावरचं फेनबेंडाझोल त्यासाठी वापरतात, पण ती मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि काही गोगलगायी त्याने मरतात. पशुवैद्याला विचारल्याशिवाय, चमच्याच्या अंदाजाने ते टाकू नका. बाजारातल्या काही तयार औषधांत सुपारीचा अर्क असतो, हे खरं आहे. पण म्हणून पानाच्या डब्यातली सुपारी टाकीत टाकायची नसते. हे लिहायची वेळ आली, यातच काय ते समजा.

६. उन्हाळा

एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. काचेच्या टाकीतलं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. चेरीला २२ ते २६ बरं, २८ पर्यंत चालतं. त्याच्या वर माद्या अंडी टाकून देतात, आणि पाण्यातला प्राणवायूही घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. साधा काचेचा थर्मामीटर लावा आणि दुपारी चारला बघा. सकाळी बघून उपयोग नाही.

झाकण काढून जाळी टाका आणि कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका लावा. माठाचंच तत्त्व, दोन-चार अंश उतरतात. पण पाणी भराभर उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. बर्फ टाकू नका. पाणी झपकन थंड झालं की श्रिंप अवेळी कात टाकतात, आणि अंडी त्या कातीबरोबरच जातात.

भारनियमनाचं म्हणाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज गेली ती काही दिवस आलीच नाही. मॉस जास्त आणि श्रिंप कमी असलेली टाकी तगली. खच्चून भरलेली तगली नाही.

७. पाणी

इथे लई गोंधळ असतो, म्हणून जरा सावकाश.

श्रिंपला अंग वाढवायचं तर कात टाकावी लागते आणि नवं कवच घडवायला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं. पिल्लं भराभर वाढतात म्हणून मोठ्यांपेक्षा फार जास्त वेळा कात टाकतात. म्हणूनच मोठे ठीक दिसतात आणि पिल्लं महिन्याभराने मरतात. मानेमागची ती पांढरी रेघ म्हणजे कवच चुकीच्या पद्धतीने फाटलं, आत अडकलं.

आपल्याकडे तीन प्रकारचं पाणी टाकीत जातं आणि तिन्हींची चूक वेगळी.

नुसतं आरओचं पाणी: "पिण्याइतकं शुद्ध" म्हणून घालतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, ३०-४०. त्यात कवच घडवायला काहीच नसतं.

बोअरचं पाणी: उसाच्या पट्ट्यात, क्षारपड जमिनीच्या आसपास मीटर हजाराच्या वर जातो. मग लोक त्यात आरओ मिसळून २०० वर आणतात आणि खूश होतात. पण टीडीएसचा मीटर विरघळलेलं सगळं एकत्र मोजतो; त्यात कॅल्शियम किती आणि साधं मीठ किती हे तो सांगत नाही.

सॉफ्टनरचं पाणी: हे सगळ्यात फसवं. नव्या अपार्टमेंटमध्ये बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवतात. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम सोडतो. मीटरवरचा आकडा जवळपास तोच, आणि श्रिंपच्या कामाचं शून्य. कुपवाडच्या एका मित्राने यावर वर्ष घालवलं. शेवटी मी त्याच्या आईला विचारलं, "काकू, नवीन फ्लॅटमध्ये तूरडाळ कशी शिजते?" त्या म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा लवकर." जड पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही. तेव्हा गच्चीवर जाऊन बघितलं, सॉफ्टनर होताच.

म्हणून टीडीएस मीटरवर न थांबता जीएच, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजायचं थेंबांचं किट घ्या. जीएच ६ ते १०, टीडीएस १५० ते ३००, पीएच साडेसहा ते आठच्या आत. टाकीतल्या घाणीतून होणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. जीएच कमी असेल तर श्रिंपसाठीची खनिज पावडर बदलायच्या पाण्याच्या बादलीत विरघळवा, टाकीत थेट नाही. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस टाकीत ठेवला तरी कॅल्शियम मिळतं, पण हळू, आणि मॅग्नेशियम जवळपास नाही.

नळाचं पाणी वापरत असाल तर क्लोरीन. मत्स्यालयाच्या दुकानात सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. पावसाळ्यात नदी गढूळ झाली, किंवा सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली, की त्या आठवड्यात पाणी बदलूच नका. एक आठवडा न बदलल्याने काही बिघडत नाही.

आणि बदल थेंबाथेंबाने. आठवड्याला दहा टक्के, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन आठवडे थांबा. दोन बदलल्या की कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

८. विष

आधी घरातल्यांना विचारा: गेल्या दोन दिवसांत काय मारलं? झुरळांचा खडू, डासांची कॉइल किंवा लिक्विड, कुत्र्याला गोचिडांचं औषध, ढेकणांचं पेस्ट कंट्रोल. यांतल्या बहुतेकांत पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं. माणसाला ते सोसतं; श्रिंप मात्र किड्यांचेच चुलते, त्यांना अगदी थोडंही पुरतं. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, हे लोक विसरतात. गल्लीत डासांच्या धुराची गाडी आली की खिडक्या लावा, पंप बंद करा, टाकीवर ओला कपडा टाका. तासाभराने कपडा काढून पंप चालू करा.

दुसरं विष तांबं. यात मी स्वतः शहाणा ठरलो नाही. सुरुवातीला मॉस लाकडावर बांधायला दोरा मिळेना, म्हणून दुकानातली वाइंडिंगची तार गुंडाळली. हातात तीच असते दिवसभर. एनॅमल आहे, काय होतंय, असा हिशोब. कापलेली टोकं उघडीच होती. सहा आठवड्यांत त्या टाकीत पिल्लू राहिलं नाही, आणि मी पीएच मोजत बसलो होतो.

तासगावकडच्या एका बागायतदाराच्या पोराची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याची पिल्लं दर वर्षी दिवाळीच्या आसपासच जायची. कॅलेंडर आणायला सांगितलं. तारखा बघितल्यावर तोच म्हणाला, "दादा, ही तर फळछाटणीनंतरची." ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी रोगासाठी द्राक्षावर बोर्डो मारतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचूद म्हणजे तांबंच. टाकीचं पाणी बदलायची बादली आणि बोर्डो कालवायची बादली एकच होती. धुतलेली होती, पण एकच. नवी बादली आणली, झाकणावर "श्रिंप" लिहिलं, फवारणीच्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही असं ठरवलं. पुढच्या दिवाळीत पिल्लं राहिली.

गोगलगायी बघा. श्रिंप मेले आणि गोगलगायी मजेत फिरतायत, तर बहुधा कीटकनाशक. गोगलगायीही मिटून पडल्यात, तर तांबं किंवा अमोनिया. हा अंदाज आहे, पुरावा नाही. पण हातात काहीच नसताना दिशा देतो. माशांची औषधंही वाचून घ्या, बऱ्याच औषधांत तांबं असतं. काकडी-पालक घालत असाल तर सोलून, उकळून, किंवा परसातलंच.

टाकीत विष शिरलं असेल अशी शंका आली तर वाचलेले श्रिंप दुसऱ्या, आधीच चालू असलेल्या टाकीत हलवा. ती नसेल तर मात्र पाणी मोठ्या प्रमाणात बदलण्याची जोखीम घ्या, आणि अॅक्टिव्हेटेड कार्बन लावा.

इथे थांबा

टाकीत हात घातल्यावर मुंग्या येत असतील, झटका जाणवत असेल, तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. मी स्वतः या धंद्यात आहे, तरीही सांगतो, चिकटपट्टी लावून पुन्हा चालू करू नका. टाकीकडे जाणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही.

कीटकनाशक घरातल्या किटवर दिसत नाही, ते शोधायला प्रयोगशाळाच लागते. बोअरच्या पाण्याचा संशय असेल तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. कोणकोणत्या चाचण्या होतात ते आधी विचारा. तेच पाणी घरी पीत असाल तर ते काम श्रिंपसाठी नाही, तुमच्यासाठी आधी करा.

जिवंत श्रिंपचं अंग शेपटीकडून दुधासारखं पांढरं पडत चाललंय आणि दर आठवड्याला दोन-तीन जातायत, किंवा पोटाखाली पायांच्या मधे हिरवट कापूस दिसतोय, तर घरगुती औषधं बंद. त्यांना वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. असे नमुने बघतात का ते फोनवर विचारूनच निघा, आणि ते कॅलेंडर सोबत न्या.

सगळं करूनही तीन महिन्यांत काही झालं नाही आणि कंटाळा आला, तर श्रिंप कुणाला तरी देऊन टाका. कृष्णेत, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. टाकीतलं पाणीही झाडांच्या बुडाशी ओता, ओढ्यात नको.